ग्रिडकॉइन आणि बॉइंक : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड जुन्या बाजारातून घेतलेले आहे. ते आधी इथर हे चलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस चालवले जात होते, हे विकणाऱ्याने घेतानाच सांगितले होते आणि किंमतही त्याच हिशेबाने लावली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाच्या इथेरियम या जाळ्याने मायनिंगची, म्हणजे संगणकांच्या गणनेतून नाणी मिळवण्याची, पद्धत पूर्णपणे सोडून दिली आणि जगभरातली अशी असंख्य कार्डे एका दिवसात बेकार झाली. त्यांपैकी एक छत्रपती संभाजीनगरात माझ्या टेबलाखाली आले आणि गेले आठ महिने ते रात्रीच्या वेळी दूरच्या ताऱ्यांकडून आलेल्या संकेतांमध्ये पल्सार, म्हणजे ठराविक लयीत स्पंद पाठवणारे फिरते तारे, शोधण्याचे काम करते आहे. क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये खर्ची पडणारी गणनशक्ती समाजाच्या उपयोगी पडेल का, हा प्रश्न मला पूर्वीपासून अस्वस्थ करत आला आहे. या कार्डामुळे तो घरात आला, आणि म्हणून त्यावर उत्तर असल्याचा दावा करणारी एक व्यवस्था मी स्वतः वापरून पाहिली. ती व्यवस्था म्हणजे बॉइंक हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्यावर केलेल्या कामाबद्दल नाणी देणारे ग्रिडकॉइन हे चलन. हा अभिप्राय त्या दोघांविषयी आहे, आणि ते एकत्र वापरायचे असले तरी त्यांचे मूल्यमापन मी वेगवेगळे करणार आहे, कारण त्यांची योग्यता सारखी नाही.

बिटकॉइनच्या मायनिंगमध्ये नेमके काय मोजले जाते हे आधी सांगितले पाहिजे, कारण ‘एवढी शक्ती कर्करोगाच्या संशोधनाला का देत नाहीत’ असे तळमळीने विचारणारे बहुतेक जण हीच पायरी गाळतात. बिटकॉइनच्या प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे एकत्र नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्याला, ८० बाइटांचे एक शीर्षक असते. त्यात आधीच्या ब्लॉकची खूण, नव्या व्यवहारांची खूण, वेळ, काठिण्याची पातळी आणि मनाला येईल तो बदलता येणारा एक आकडा असतो. हे शीर्षक एसएचए-२५६ या सूत्रातून दोनदा काढायचे आणि येणारी संख्या, जिला हॅश म्हणतात, ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आली का ते पाहायचे. नाही आली तर आकडा बदलून पुन्हा तेच. यात शहाणपणाला वाव नाही, फक्त प्रयत्नांची संख्या वाढवता येते. २०२० साली आलेले अँटमायनर एस १९ हे यंत्र सुमारे ३,२५० वॉट वीज घेऊन सेकंदाला जवळजवळ ९५ लाख कोटी प्रयत्न करते आणि त्यांतला यशस्वी प्रयत्न वगळता बाकीचे सगळे तिथल्या तिथे फेकून देते. अशा सगळ्या यंत्रांची मिळून वर्षाची वीज केंब्रिज विद्यापीठातील अभ्यासकांच्या अंदाजानुसार १०० टेरावॉट-तासांच्या वर जाते. हा आकडा वाचून मन विषण्ण होते, आणि ते होणे योग्यच आहे.

परंतु ही यंत्रे संशोधनाकडे वळवता येत नाहीत, आणि त्यामागे मालकांच्या लोभापेक्षा मोठे कारण आहे. पहिली अडचण यंत्राचीच आहे. एस १९ मधल्या चिपला एसएचए-२५६ शिवाय दुसरे काहीही येत नाही. तिला दोन संख्यांचा गुणाकार करायला सांगितला तरी तो तिच्याने होणार नाही. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही, म्हणून तर माझे कार्ड नव्या कामाला लागू शकले. दुसरी अडचण अधिक खोल आहे. मायनिंगचे कोडे आधीच्या ब्लॉकमधूनच निघावे लागते, म्हणजे कोणालाही त्याचे उत्तर अगोदर तयार करून ठेवता येत नाही. ते सोडवणे कठीण असले तरी तपासणे इतके सोपे असावे लागते की जगातला कोणताही साधा संगणक कोणावरही विश्वास न ठेवता क्षणात तपासू शकेल. त्याचे काठिण्य हवे तसे कमीजास्त करता यावे लागते, जसे बिटकॉइन दर २,०१६ ब्लॉकनंतर करते. आणि अशी कोडी कधीच संपता कामा नयेत. आता यांच्या जोडीला एखाद्या प्रथिनाच्या हालचालीचे गणित ठेवून पाहावे. ते गणित आधीच्या ब्लॉकमधून निघत नाही, ते एखाद्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञाच्या माहितीतून निघते, आणि प्रश्न ठरवणाऱ्या माणसाला उत्तर आधीच माहीत नाही याची हमी देता येत नाही. भाकरी भाजली गेली की नाही हे बघून कळते. प्रथिनाच्या घडीचे गणित बरोबर आहे की चूक, हे बहुधा पुन्हा तेवढेच गणित केल्याशिवाय कळत नाही.

तिसरी गोष्ट मला स्वतःला पटायला सर्वांत जास्त वेळ लागला. बिटकॉइनच्या जाळ्यावर हल्ला करणाऱ्याला अडवणारी गोष्ट म्हणजे त्या हल्ल्यासाठी खर्च होणारी आणि परत न मिळणारी वीज. तोच खर्च बाहेर कुठे तरी विकता येण्याजोगे काही निर्माण करू लागला, तर हल्लेखोराचा हल्ला फसला तरी त्याच्या हाती विकाऊ माल उरतो आणि त्याला लागणारा दंड तेवढा हलका होतो. म्हणजे ज्याला आपण अपव्यय म्हणतो तो या रचनेत चुकून शिरलेला दोष नाही, तेच तिचे कुलूप आहे. कुलूपच उपयोगी वस्तू म्हणून वापरायला काढले तर ते कुलूप किती उरते, हा प्रश्न टाळून या विषयावर बोलता येत नाही.

तरीही या वाटेने जाण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न झाला, तो प्राइमकॉइन या चलनाचा. जुलै २०१३ मध्ये सनी किंग या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रामरने ते सुरू केले. त्यात मायनिंग म्हणजे मूळ संख्यांच्या साखळ्या शोधणे. २, ५, ११, २३, ४७ ही अशी एक साखळी आहे. प्रत्येक संख्येची दुप्पट करून एक मिळवले की पुढची मूळ संख्या मिळते. १९, ३७, ७३ या दुसऱ्या जातीच्या साखळीत दुप्पट करून एक वजा करावा लागतो. प्राइमकॉइनने ज्या संख्येभोवती साखळी उभी राहते ती मूळची संख्या ब्लॉकच्या हॅशने नि:शेष भागली गेली पाहिजे अशी अट घातली, आणि त्यामुळे आधी शोधून ठेवलेली साखळी कोणालाही वापरता येत नाही. ही युक्ती मला अतिशय सुंदर वाटते. उत्तर तपासणे सोपे, काठिण्य बदलता येणारे, आणि अशा साखळ्यांचे काही विक्रमही याच जाळ्यातून नोंदले गेले. पण ज्या अटींमुळे हे शक्य झाले त्याच अटींनी उपयोगाचे क्षेत्र इतके आवळले की शेवटी हाती राहिल्या त्या फक्त मूळ संख्यांच्या साखळ्या. संख्यासिद्धांताच्या प्रेमिकाला त्यांचे मोल आहे, मलाही आहे. पण मायनिंगच्या विजेविषयी तळमळणाऱ्या माणसाच्या मनात जे ‘समाजोपयोगी’ असते, ते हे नव्हे.

ग्रिडकॉइनने दुसरी वाट धरली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ते सुरू झाले तेव्हा त्यातही हॅशचे मायनिंग होते, पण वर्षभरात त्यांनी ते सोडले. आता ब्लॉक बनवण्याचा आणि जाळे सुरक्षित ठेवण्याचा भार ‘स्टेक’वर आहे, म्हणजे ज्याच्याकडे जितकी नाणी पडून आहेत तितकी त्याला ब्लॉक बनवण्याची संधी, त्याला वीज जवळजवळ लागत नाही. विज्ञानाचे काम पूर्णपणे वेगळे, बॉइंकवर होते, आणि त्या कामाच्या मापाने नाणी वाटली जातात. कुलूप एकीकडे आणि उपयोगी काम दुसरीकडे, ही विभागणी मला योग्य वाटते. मात्र तिची किंमत काय आहे तेही स्पष्ट सांगितले पाहिजे : कोणी किती काम केले हे ग्रिडकॉइनचे जाळे स्वतः तपासत नाही, ते त्या त्या वैज्ञानिक प्रकल्पाच्या सर्व्हरने जाहीर केलेल्या गुणांवर विश्वास ठेवते. कोणावरही विश्वास ठेवावा लागू नये यासाठी जन्मलेल्या तंत्रज्ञानाने इथे पुन्हा विद्यापीठांवर विश्वास ठेवला आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही. विज्ञानाचे काम विज्ञान जाणणाऱ्यानेच तपासावे लागते.

आता प्रत्यक्ष वापराकडे वळतो, आणि आधी बॉइंकविषयी सांगतो. हे सॉफ्टवेअर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील केंद्रात डेव्हिड अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली २००२ पासून घडवले गेले. त्याआधी १७ मे १९९९ रोजी सुरू झालेल्या सेटी ॲट होम या प्रकल्पाने परग्रहावरील सजीवांचे संकेत शोधण्यासाठी लाखो घरगुती संगणक जोडून दाखवले होते, आणि त्याच अनुभवातून सर्व विज्ञानशाखांना वापरता येईल असा हा पाया तयार झाला. सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० रोजी नवे काम वाटणे थांबवले, परंतु बॉइंक चालू आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. अँड्रॉइड फोनवरही चालते, आणि फोनवर ते चार्जर लावलेला असताना, वायफाय असताना आणि बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असतानाच काम करते, ही काळजी मला आवडली.

बसवायला मला अर्धा तासही लागला नाही. प्रकल्प निवडायचा, ईमेल देऊन खाते उघडायचे, आणि संगणक आपणहून काम मागून घेतो. ज्यांना प्रकल्पांची नावे वाचून गोंधळ होतो त्यांच्यासाठी सायन्स युनायटेड नावाची सोय आहे. तिथे फक्त खगोलशास्त्र, वैद्यक, हवामान असे विषय निवडले की पुढचे ती पाहते. प्रोसेसरचे किती कोअर वापरायचे, कोणत्या वेळेत चालायचे, मी संगणक वापरत असताना थांबायचे की नाही, या सगळ्याच्या मर्यादा ठरवता येतात. पहिल्याच दिवशी या मर्यादा ठरवाव्यात, कारण मूळ मांडणीत संगणक पूर्ण ताकदीने धावू लागतो आणि लॅपटॉप असेल तर पंख्याच्या आवाजाने घरातली माणसे विचारू लागतात. माझ्या पत्नीने दुसऱ्याच दिवशी विचारले. त्यानंतर मी कोअरची मर्यादा पन्नास टक्क्यांवर आणली आणि ग्राफिक्स कार्डाचे काम रात्री दहा ते सकाळी आठ एवढेच ठेवले.

चुकीचे किंवा मुद्दाम बनावट उत्तर पाठवणाऱ्यांचा बंदोबस्त बॉइंक कसा करते, हे पाहण्यासारखे आहे. बहुतेक प्रकल्प एकच काम दोन अनोळखी संगणकांना देतात आणि दोघांची उत्तरे जुळली तरच गुण देतात. जुळली नाहीत तर तेच काम तिसऱ्याकडे जाते. भरवशाचा ठरलेल्या संगणकाला काही प्रकल्प एकट्याने काम देतात आणि अधूनमधून पडताळतात. म्हणजे उपयोगी गणनेतही पुष्कळ काम दुबार होते, आणि ही दुबार वीज हा विश्वासाचा खर्च आहे. बिटकॉइनच्या तुलनेत तो किरकोळ आहे, पण शून्य नाही, आणि हे न सांगता बॉइंकची स्तुती करणे बरोबर होणार नाही.

मी मुख्यतः आइनस्टाइन ॲट होम हा प्रकल्प चालवला. तो २००५ मध्ये सुरू झाला आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मिल्वॉकी विद्यापीठ व जर्मनीतील हॅनोव्हरची माक्स प्लांक संस्था मिळून तो चालवतात. स्वतःभोवती वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपासून सतत निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी लायगो या अशा लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या नोंदींमध्ये शोधणे हे त्याचे मूळ उद्दिष्ट आहे. अशी सतत येणारी लहर त्याला अद्याप सापडलेली नाही, परंतु त्याच गणनशक्तीने रेडिओ दुर्बिणींच्या आणि फर्मी या उपग्रहाच्या नोंदींमधून अनेक पल्सार शोधून काढले आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झालेला पहिला पल्सार, पीएसआर जे२००७+२७२२, आरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींमध्ये सापडला आणि तो सापडला तो अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या माइंट्स शहरातील एका माणसाच्या संगणकावर. तो तारा सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरतो. हजारो प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याची ती गिरकी एखाद्याच्या घरातल्या साध्या संगणकावर पहिल्यांदा लक्षात यावी, यापेक्षा मोठे बक्षीस कोणते चलन देईल असे मला वाटत नाही.

माझे आजोळ वसमतचे. त्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ती वेधशाळा नोंदी घेऊ लागेल आणि तिच्या नोंदीही इतर लायगो केंद्रांच्या नोंदींबरोबर अशा शोधात सामील होतील, तेव्हा मराठवाड्यातल्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला संगणक आपल्याच जिल्ह्यातल्या यंत्राने टिपलेल्या आकड्यांतून तारे शोधत असेल, हा विचार मला सोडून जात नाही. आणि त्यासाठी आजपासूनच सराव करता येतो, कारण लायगोच्या अमेरिकेतील दोन केंद्रांच्या नोंदींवरचे काम आइनस्टाइन ॲट होम आत्ताही घरोघर पाठवते.

इतर प्रकल्पांपैकी दोनच सांगतो. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड हा उपक्रम आयबीएमने नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू केला आणि २०२१ मध्ये टोरांटोच्या क्रेम्बिल संशोधन संस्थेकडे सोपवला. कर्करोगाच्या खुणा शोधण्याचे त्यातले काम वर्षानुवर्षे चालू आहे. रोझेटा ॲट होम हे वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेचे, आणि बेकर यांना २०२४ मध्ये प्रथिनांच्या संगणकीय रचनेसाठी रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २०२० च्या अखेरीस अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने प्रथिनाची घडी ओळखण्याचा प्रश्न ज्या वेगाने सोडवून दाखवला, त्यावरून नुसत्या गणनशक्तीपेक्षा चांगली पद्धत किती पुढे नेते हे सगळ्यांना कळले. त्यामुळे ‘अमुक इतके संगणक जोडले की अमुक रोग बरा होईल’ असे सांगणाऱ्याकडे मी आता सावधपणे पाहतो. गणना हा संशोधनाचा एक भाग आहे. प्रथिनाची अखेरची घडी कळली तरी ते कसे हलते आणि औषधाचा रेणू त्याला कुठे चिकटू शकतो, यासाठी लांबलचक सिम्युलेशन अजूनही लागतात, आणि तिथे ही दान केलेली शक्ती खरोखर कामाची आहे.

आता ग्रिडकॉइन. याची मांडणी बॉइंकइतकी सोपी नाही, आणि ज्याने कधी क्रिप्टोचे वॉलेट, म्हणजे नाणी सांभाळणारे सॉफ्टवेअर, वापरलेले नाही त्याने एक पूर्ण सुट्टीचा दिवस राखून ठेवावा. सर्व प्रकल्पांत एकच ईमेल वापरलेला असावा लागतो, कारण त्यावरूनच आपली सर्व प्रकल्पांतली एकत्रित ओळख बनते. मग वॉलेटमधून ‘बीकन’ नावाची घोषणा जाळ्यावर करावी लागते, आणि ती ओळख आपलीच आहे हे सिद्ध करण्यासाठी एखाद्या प्रकल्पातले आपले नाव काही काळ वॉलेटने दिलेल्या सांकेतिक अक्षरांमध्ये बदलून ठेवावे लागते. घोषणेसाठी थोडी नाणी लागतात, आणि नवख्याकडे ती नसतात. मला एका जुन्या सहभागी व्यक्तीने ती मोकळ्या मनाने दिली. या सगळ्यानंतर दिवसातून साधारण एकदा तयार होणाऱ्या ‘सुपरब्लॉक’मध्ये आपल्या कामाचे माप नोंदले जाते. त्या मापाला ‘मॅग्निट्यूड’ म्हणतात आणि नाणी त्याच्या प्रमाणात साचतात. साचलेली नाणी हातात येतात ती आपण ब्लॉक बनवला की, आणि ज्याच्याकडे शिल्लक थोडी आहे त्याला ब्लॉक बनवण्याची संधी महिनोन्‌महिने येत नाही. पुढच्या आवृत्त्यांमध्ये थोडे शुल्क देऊन हा मोबदला मागून घेण्याची सोय झाली आहे, ती नवख्यांनी जरूर वापरावी.

हे सगळे सोसता येते. मला खटकते ते मोबदल्याच्या वाटपाचे सूत्र. मान्यताप्राप्त यादीतल्या प्रत्येक प्रकल्पाला रोजच्या मोबदल्याचा सारखाच वाटा मिळतो, मग त्यावर पाचशे जण काम करोत की पन्नास हजार. समजा यादीत वीस प्रकल्प आहेत, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच टक्के. याचा सरळ अर्थ असा की ज्या प्रकल्पावर गर्दी कमी, तिथे तेवढ्याच विजेत जास्त नाणी. नवा आणि दुर्लक्षित प्रकल्प वर यावा हा यामागचा हेतू चांगला आहे, हे मी मान्य करतो. पण नाण्यांच्या हिशेबाने चालणारा माणूस मग कोणत्या गणनेची जगाला गरज आहे हे पाहत नाही, तो कोणत्या रांगेत माणसे कमी आहेत ते पाहतो. मी स्वतः दोन आठवडे तसे करून पाहिले. आइनस्टाइनवरून कार्ड काढून एका शुद्ध गणिताच्या प्रकल्पावर लावले आणि मॅग्निट्यूड स्पष्टपणे वाढले. त्या दोन आठवड्यांत मी रोज सकाळी पहिल्यांदा मोबदला पाहत होतो आणि शोधाकडे माझे लक्ष नव्हते, हे लक्षात आल्यावर मी परत फिरलो. उपयोगी कामाला पैशाचे माप लावले की माप कामाला ओढून नेते, हे मला पुस्तकातून कळले असते तर इतके खरे वाटले नसते.

खर्चाचा हिशेब मी भिंतीवरच्या प्लगला जोडायचे वीजमापक लावून केला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही चालू असताना माझा संगणक सुमारे ३०० वॉट घेतो. दहा तासांचे तीन युनिट, महिन्याचे नव्वद. सगळे आकार धरून युनिटमागे १३ रुपये लावले तर महिन्याचे ११७० रुपये होतात, आणि खरा धोका पुढेच आहे, कारण महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे आहेत आणि नव्वद युनिटांच्या या भरीने घराचे बिल ३०० च्या पुढच्या टप्प्यात गेले तर त्या पुढच्या प्रत्येक युनिटाला बराच जास्त दर पडतो. नुसता प्रोसेसर अर्ध्या ताकदीने चालवला तर हा खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो. एप्रिल-मेमध्ये मी ग्राफिक्स कार्डाचे काम पूर्ण बंद ठेवले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात खोलीत ३०० वॉटची शेगडी पेटवून ती विझवायला कूलर लावणे, हे विज्ञानासाठीही योग्य नाही.

या खर्चासमोर मिळालेली नाणी त्या दिवसांच्या भावाने विजेच्या बिलाच्या एक दशांशालाही पुरली नाहीत. भारतात त्यावर कराचाही विचार करावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस आहे, आणि मायनिंगच्या यंत्रणेवर केलेला खर्च त्या नफ्यातून वजा करता येणार नाही असे अर्थ मंत्रालयाने संसदेत मार्च २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून मी नाण्यांकडे कमाई म्हणून पाहणे सोडले. विद्यार्थ्यांनी तर तशा आशेने यात मुळीच पडू नये. घरच्या मीटरवर वडिलांच्या पैशाने नाणी मिळवणे ही कमाई नव्हे.

बॉइंकला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. अर्धा गुण कापला तो काही प्रकल्पांचे काम दिवसेंदिवस उपलब्ध नसते आणि पडद्यावरच्या खिडक्यांची मांडणी अजून जुन्या काळातली आहे म्हणून. ग्रिडकॉइनला पाचपैकी अडीच. त्याच्या कर्त्यांची तळमळ खरी आहे, सॉफ्टवेअर खुले आहे, विजेची नासाडी त्यांनी आपल्या रचनेतून जवळजवळ काढून टाकली आहे. कमी पडतो तो मोबदल्याचा विचार.

मोठ्या मायनिंग कंपन्या या कामाकडे वळतील का, असे मला मित्र विचारतात. २०२० मध्ये एक उदाहरण घडले. मार्च महिन्यात कोरोनाच्या विषाणूवर काम करणाऱ्या फोल्डिंग ॲट होम या अशाच दान केलेल्या गणनशक्तीवर चालणाऱ्या प्रकल्पाला लोकांनी इतके संगणक जोडले की त्याची शक्ती एका एक्झाफ्लॉपच्या पुढे गेली, म्हणजे सेकंदाला दहा लाख कोटींच्या एक लाख पट गणिते, आणि त्या वेळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या महासंगणकांनाही तिने मागे टाकले. त्याच दिवसांत कोअरवीव्ह या तेव्हा इथरचे मायनिंग करणाऱ्या अमेरिकी कंपनीने आपली सुमारे सहा हजार ग्राफिक्स कार्डे या कामाला लावली. म्हणजे मायनिंगची यंत्रे औषधाच्या शोधाला लागू शकतात, हे एकदा प्रत्यक्ष घडले आहे. पण त्यासाठी कोणत्याही नव्या चलनाची गरज पडली नाही. कोणीतरी ठरवले आणि यंत्रांवरचे सॉफ्टवेअर बदलले. पुढे त्याच कंपनीने मायनिंग सोडून कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी गणनशक्ती भाड्याने देण्याचा धंदा उभारला आणि मार्च २०२५ मध्ये ती नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात नोंदली गेली. ग्राफिक्स कार्डे मायनिंगमधून मोकळी झाली तर ती सर्वांत आधी जास्त भाडे देणाऱ्याकडे जातात, प्रयोगशाळेकडे नाही. ज्यांना ती प्रयोगशाळेकडे जावीत असे वाटते, त्यांनी नाण्याच्या नव्या रचनेवर आशा ठेवण्यापेक्षा विद्यापीठांना गणनेसाठी सार्वजनिक पैसा मिळावा यासाठी बोलावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

ज्यांच्याकडे पडून असलेला डेस्कटॉप आहे आणि महिन्याला तीन-चारशे रुपयांची वीज देणगी म्हणून देण्याची तयारी आहे, त्यांनी बॉइंक जरूर बसवावे, फक्त प्रोसेसर वापरावा, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात चालवावे, दर महिन्याच्या बिलात युनिटांचा टप्पा ओलांडला का ते पाहावे. फार जुना संगणक मात्र या कामाला लावू नये, कारण तेवढ्याच गणिताला तो नव्याच्या कितीतरी पट वीज घेतो. ग्रिडकॉइनचे वॉलेट ज्यांना तंत्र समजून घ्यायचे आहे त्यांनी उघडावे. माझे अजून उघडे आहे, मोबदला साचतो आहे, मी त्यातले काही विकलेले नाही. कार्ड मात्र पुन्हा आइनस्टाइनवर आहे, आणि पाऊस सुरू झाल्यापासून रात्री दहाला त्याचा पंखा परत ऐकू येऊ लागला आहे.